पट्टा उजवीकडेच का पळतो

मी घरी केलेल्या धारेच्या मशीनचा पट्टा पहिल्याच दिवशी भिंतीवरून उडाला आणि शेजारच्या गार्डसाहेबांच्या दाढीच्या मगात जाऊन पडला. सकाळची वेळ. ते अंगणात स्टूल टाकून, अर्ध्या गालाला साबण लावून बसलेले. त्यांना वाटलं साप. ते ओरडले, त्यांची बायको ओरडली, आणि भिंतीच्या अलीकडे मी मोटर बंद करायचं सोडून मशीनकडे बघत उभा राहिलो. पट्टा गेल्यावर मशीन फारच मजेत फिरत होतं.

"अवं, बटन! बटन!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली, तेव्हा कुठं माझा हात हलला.

मग मी भिंतीवरून डोकं काढलं. म्हणालो, "गार्डसाहेब, तेवढा आमचा पट्टा..."

त्यांनी तो दोन बोटांत धरून वर केला. साबणाचं पाणी ठिबकत होतं. "फिटर, हा कमरेचा हाय का कुत्र्याच्या गळ्याचा?"

चूक माझीच होती आणि ती फिटरला शोभणारी नव्हती. पूर्णेला रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीवर मला तेव्हा दहा-बारा वर्षं झालेली. पण मशीनची चाकं करून घेताना माझ्या डोळ्यांपुढं रेल्वे आली नाही, आडावरचं चाक आलं. दोन्ही काठ उंच, मध्ये खोलगट, त्या खाचेत दोर कसा गपगुमान बसतो. मी सुताराला तसंच सांगितलं. सागाची दोन चाकं, दोन्हीकडं काठ, मध्ये गल्ली. पट्टा जाईल कुठं? आता यातली गंमत अशी, की आमच्या गावात त्या आडावर आम्हा लोकांना चढायची मुभा नव्हती. आई घागर घेऊन खाली उभी राहायची, वरून कुणी ओतील तेवढं पाणी घ्यायची, आणि मी तिच्या लुगड्याला धरून ते चाक लांबून बघायचो. लांबून बघितलेलं यंत्र अर्धंच कळतं. दोर गोल असतो आणि पट्टा चपटा असतो, हा फरक मला तिशी उलटल्यावर, गार्डसाहेबांच्या दाढीच्या वेळी कळला.

हे मी आता हसत लिहितोय. तेव्हा ते हसू फार दिवस टिकलं नाही.

मशीन करायचं कारण साधं होतं. दगडाचं चाक सायकलला लावून फिरणारा एक धारवाला दर दिवाळीनंतर आमच्या क्वार्टरांच्या ओळीत यायचा. त्या हिवाळ्यात तो आला नाही. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, याचा निकाल आज लागतो, उद्या लागतो, असं चाललं होतं. कुठं बस अडवली, कुठं दगड आले, अशा बातम्या रोज स्टेशनवर उतरायच्या. फिरून पोट भरणारी माणसं आपापल्या गावी थांबली होती. आमची विळी इतकी बोथट झाली की बायको म्हणाली, "ह्या विळीवर वांगं ठेवलं तं ते बसून राहतं. चिरतच न्हाई." मला वाटलं, आपण फिटर. हातावर हात ठेवून बसायचं कशाला?

मग एका जुन्या पाण्याच्या पंपाची मोटर आणली. खालचं चाक मोटरच्या दांड्यावर बसवलं. वरचं चाक एका लोखंडी उभ्या दांड्यावर, आणि त्याला खालून स्प्रिंगचा रेटा, म्हणजे पट्टा ताणलेला राहील. वरच्या चाकाला मागून एक लांब स्क्रू. तो पिळला की चाक जरासं कलायचं. कापडी पॉलिशपेपर असतो, खरखरीत, त्याच्या पट्ट्या कापून, टोकं पंक्चरच्या सोल्यूशननं जोडून पट्टा केला. दोन्ही चाकांवरून तो फिरायचा आणि समोर विळी धरली की ठिणग्या उडायच्या. म्हणजे उडायला पाहिजे होत्या. पट्टा राहील तर ना.

काठाची चाकं मी दुसऱ्या दिवशी सुताराकडून सपाट करून आणली. पट्टा आता काठावर चढून दुमडत नव्हता. तो सरळ उजवीकडं चालायला लागायचा आणि चार-पाच सेकंदांत चाकावरून उतरायचा. फटाक! मी स्क्रू आत पिळला. मग तो डावीकडं उतरला. फटाक! बाहेर पिळला, उजवीकडं. मधला मुक्काम त्याला माहीतच नव्हता. मी प्रत्येक खेपेला मोठ्यानं बोलायचो, म्हणजे लक्षात राहील म्हणून: "आत पिळला की डावीकडं, बाहेर पिळला की उजवीकडं." घरातल्यांना ते पाढ्यासारखं पाठ झालं.

मग सांध्यावर संशय घेतला. तो काटकोनात जोडलेला, त्यामुळं दर फेऱ्याला टक् टक् करायचा आणि पट्टा उड्या मारायचा. तिरपा कापून जोडला. टकटक थांबली, पळणं थांबलं नाही. मग ओळंबा सोडला. वरचं चाक खालच्या चाकाच्या सुतात नव्हतं, पाव इंच बाहेर होतं. ते सुतात आणलं. आता पट्टा पाचाऐवजी पंधरा सेकंद टिकायला लागला. मी बायकोला बोलावून दाखवलं.

ती म्हणाली, "पंधरा सेकंदात तं मी विळीवरून उठत बी न्हाई."

याच पंधरा सेकंदांच्या बळावर मी दुसरी चूक केली आणि ती पहिल्यासारखी गमतीची नव्हती. स्टेशनपलीकडच्या आमच्या वस्तीतल्या एक मावशी होत्या. शेतावर जाणाऱ्या बायकांची टोळी त्या चालवायच्या. तुरीच्या सोंगणीचे दिवस आले होते. त्यांच्या कानावर गेलं की फिटरनं धारेचं मशीन केलंय. त्या एक दिवस डोक्यावर पोतं घेऊन आल्या आणि अंगणात टाकलं. खळ्ळकन आवाज झाला. आत अकरा विळे.

"फिटरसाब, एवढं करून ठेव बाबा. धारवाला मेला कुठं गेलाय देव जाणं. तुरीचं खोड बोथट विळ्यानं तुटंना. सोमवारी काम सुरू हाय."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण "फिटरसाब" म्हटल्यावर माझं असं होतं. "ठेवून जा, मावशी," मी म्हणालो. संध्याकाळी बसलो. पहिला विळा धरला, पट्टा आडवा सरकला आणि सरकता सरकता त्यानं धारेतून घास घेतला. नखाएवढी खाच. दुसऱ्याला तेच. चार विळे असे खराब केल्यावर मी थांबलो. त्या खाचा दगडावर घासून निघणाऱ्या नव्हत्या. पातं सरळ करायला पट्टाच पाहिजे होता, तोही एका जागी राहणारा. म्हणजे आता मशीन नीट झाल्याशिवाय मला ते विळे परतही करता येत नव्हते. बायकांची आठवड्याची मजुरी माझ्या पंधरा सेकंदांवर अडकली.

म्हणून मी गिरणीवाल्या चाचांकडे गेलो. बाजारातल्या त्यांच्या पिठाच्या गिरणीला हातभर रुंदीचा पट्टा होता आणि तो दिवसभर एका जागी फिरायचा. इतकी वर्षं मी तिथं दळण नेत होतो आणि त्या पट्ट्याकडं कधी बघितलं नव्हतं.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पांढऱ्या पिठातल्या भुवया वर गेल्या. "तू उसकू गल्ली बना के दिया?"

"आधी. आता सपाट केलंय."

"सपाट बी नक्को. टेकडी दे उसकू, टेकडी." त्यांनी गिरणी थांबवली आणि माझा हात धरून लोखंडी चाकावर ठेवला. डोळ्यांना ते सपाट दिसत होतं. हाताला मात्र कळलं, मध्ये पोट होतं. अगदी जरासं, जेवलेल्या माणसाचं असतं तेवढं. "पट्टा जो है ना, बडे लोगां के सरीका. जिधर ऊंचा, उधर चढता. तेरे कू लगता वो नीचे ढलकेगा. नै. चढता. बीच में ऊंचा कर, बीच मेंच बैठता."

मी इतका खूष झालो की निघालोच होतो. चाचांनी मला पिठाच्या पोत्यांमागं ओढलं. तिथं आवाज एकदम खाली गेला.

"बाजार में क्या बोलरे, मालूम? फिटर के घर में तलवारां घासरे बोलके. रोज आवाज आता, ठिणग्यां उडते. दळन कू आनेवाले लोगां बोलते. मैं नै बोला, मैं सुना." आणि मग, "ध्यान रख, बाबा."

तिथून घरी येईपर्यंत रस्ता मला नेहमीपेक्षा रुंद वाटला. पानाच्या टपरीवरची माणसं बोलायची थांबली, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मी मनात मशीन ऐकायला लागलो, पण या वेळी बाहेरून. आधी घर्रर्र. मग लोखंड घासल्याचा आवाज. मग ते फटाक. भिंतीवरून ठिणग्यांचा उजेड. रोज. आमच्या घरातून. आणि घरात खरोखरच अकरा विळ्यांचं पोतं.

त्या काळात सरकारी नोकराला एक हिशोब पाठ असायचा. अठ्ठेचाळीस तास कोठडीत काढले की नोकरीतून निलंबन. गुन्हा काय, केला की नाही, हे सगळं नंतर. क्वार्टर, पगार, मुलींची शाळा, सगळं त्या दोन दिवसांच्या पलीकडं. आमच्या घराण्यात पगार घेणारा मी पहिलाच.

आणि दुसरं एक आठवत होतं, जे मी कुणाला सांगत नव्हतो. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या याच नावावरून आमच्या गावच्या वस्तीत जाळपोळ झाली, तेव्हा मी विशीतला होतो. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही पिकातून निघालो. आईनं घाईत एकच वस्तू उचलली होती. भांडं नाही, कपडा नाही, विळी. का उचलली तिलाही सांगता आलं नसतं. वडील पुढं चालत होते. वळून बघितलं आणि जागीच थांबले. "टाक ती," ते म्हणाले. आई टाकेना. "आपल्या हातात लोखंड दिसलं तं पुढचं सगळं आपल्याच नावावर लागंल. टाक!" आईनं ती कमरेएवढ्या ज्वारीत टाकली. मग आम्ही स्टेशनात येऊन फलाटावर बसलो. जळालेलं घर मी नंतर पाहिलं, ते माझ्या तितकं लक्षात नाही. विळी पिकात पडल्याचा आवाज आहे. सळसळ, आणि मग काहीच नाही.

घरी येऊन मी बायकोला चाचांचं बोलणं सांगितलं. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले.

"उचला ते मशीन आन भंगारात द्या."

"आणि विळे?"

"परत द्या."

"चार मी खराब केलेत."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी लग्नाच्या आधी बी असंच होता, का माझ्याकडं आल्यावर झालं?"

आमचं ठरलं असं: रविवारी सकाळी, भर उजेडात, चोरासारखं न करता मशीन चालवायचं. अकरा विळे संपवायचे. दुपारी मावशी येऊन घेऊन जातील. मग मशीन बंद. शनिवारी मी दोन्ही चाकांना मध्ये टेकडी केली. चिकटपट्टीचा एक रुंद वेढा, त्यावर जरा अरुंद, त्यावर आणखी अरुंद. हातानं चाचपलं. जेवलेल्या माणसाचं पोट.

रविवारी बटन दाबताना मी डोळे मिटले होते. खरं सांगतो. फटाक् होईल म्हणून खांदेसुद्धा वर घेतले होते. झालं नाही. डोळे उघडले तर पट्टा चाकाच्या बरोबर मध्ये बसून फिरत होता. मी एका काडीनं त्याला कडेला ढकललं. तो परत मध्ये आला. पुन्हा ढकललं. पुन्हा आला. आमच्या घरात इतकी समजूतदार वस्तू दुसरी नव्हती. मी स्क्रूला हातही लावला नाही.

नऊ वाजता बसलो आणि भीती विसरलो. माणूस असा असतो. खाचा निघाल्या, पाती सरळ झाली, एकेक विळा हातात चांदीच्या कड्यासारखा चमकायला लागला. दहा झाले, पोत्यात गेले. अकरावा हातात होता, तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मोटर बंद केली. मग कळलं. भिंतीपलीकडं गार्डसाहेबांचा रेडिओ रविवारी सकाळभर चालायचा. तो बंद झाला होता.

दारावर काठीचा आवाज आला.

जमादार होते, मागं एक शिपाई. चौकीतले. मी दोघांना तोंडओळखीनं ओळखत होतो. स्टेशनवर चहा पिताना दिसायचे. पण आपल्या दारात उभं राहिलेलं माणूस चहाच्या टपरीवरच्यापेक्षा फार उंच दिसतं.

"तुमीच का फिटर?"

"हो साहेब."

"इथं मशीन हाय म्हणं."

अकरावा विळा माझ्या हातातच होता. मी तो भिंतीच्या खिळ्याला अडकवला, जसा काही रोजच तिथं असतो. मागं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोतं होतं. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पोतं दिसेना. बायको दिसली. तिनं पोत्यावर गोधडीची घडी टाकली होती आणि त्यावर बसून, सूप मांडीवर घेऊन ती गहू निवडत होती. अकरातले दहा विळे, मीच धार लावलेले, तिच्याखाली होते.

जमादार अंगणात आले. आधी मशीनभोवती फिरले. मग खिळ्यावरचा विळा काढला आणि अंगठ्यानं धार बघितली. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"धार झकास हाय. क्वार्टरात कशाला लागतो विळा? तूर लावली का हितं?"

"मागं गवत वाढतं साहेब. सापकिरडूचं भ्या."

"हूं." विळा त्यांनी खिळ्याला परत लावला, पण नजर आत गेली. "बाई, पाणी मिळंल का?"

मी बायकोकडं बघितलं. बायकोनं सुपातल्या गव्हाकडं बघितलं. ती उठली असती तर गोधडी सरकली असती.

"पाय मुरगळलाय साहेब," ती म्हणाली. "सकाळपासून उठवंना. अवं, द्या की पाणी साहेबाला."

मी पाणी आणायला आत गेलो. गोधडीला पाय लागू नये म्हणून उंबरा लांब टांगेनं ओलांडला. बाहेर शिपाई हसून म्हणाला, "रेल्वेत बायका बसून राहतेत, गडी पाणी भरतेत." जमादार हसले नाहीत. पाणी प्यायले, मिशा पुसल्या.

"चालवून दाखव."

महिनाभर मी याच क्षणासाठी धडपडत होतो, की कुणीतरी म्हणावं चालवून दाखव आणि ते चालावं. आणि आता ते चालणार होतं. आज पट्टा उतरणार नाही. ते धडधडीत, सुतात, तासन् तास चालणारं धारेचं मशीन आहे. बाजारात जे बोलतात त्याला लागतं तसंच.

मी बटन दाबलं. पट्टा मध्ये बसला. जमादार वाकून बघायला लागले.

माझा हात मागच्या स्क्रूवर गेला. पट्टा कसा ठेवायचा ते मला आत्ता कुठं कळलं होतं, पण कसा उतरवायचा हे मला महिनाभरापासून माहीत होतं. फक्त एकच अडचण होती. डावीकडं उंबरा होता आणि उंबऱ्यात बायको. उजवीकडं जमादार होते. पट्टा त्यांच्या तोंडावर बसला असता तर अठ्ठेचाळीस तासांवर भागलं नसतं.

"साहेब, जरा मागं व्हा. ठिणगी लागंल."

"का? काय उडतंय?" ते मागं झाले, पण एकच पाऊल, आणि त्यांची नजर मशीनवरून माझ्या चेहऱ्यावर आली. तिथंच थांबली.

आत पिळला की डावीकडं. बाहेर पिळला की उजवीकडं. मी मनात तीनदा म्हटलं. आणि त्या क्षणी मला दोन्हीतलं काहीच खरं वाटेना. महिनाभर मी समोरून बघत स्क्रू पिळला होता. आज मी मशीनच्या मागं, उलट्या बाजूला उभा होतो. उजवं कुणाचं, माझं का मशीनचं? मी बाहेर पिळला. दोन वेढे. पट्टा त्या टेकडीवरून उतरायला तयार नव्हता, कडेला जायचा आणि परत यायचा. तिसरा वेढा.

फटाक!

पट्टा जमादारांच्या पोटरीजवळून गेला आणि पत्र्याच्या टाकीवर असा आदळला की साऱ्या ओळीतले कावळे उडाले. जमादार उडी मारून मागं. काठी पडली. शिपाई दाराबाहेर. मी मशीनला धरून उभा, आणि बिनपट्ट्याची मोटर गुणगुणत होती.

जमादारांनी काठी उचलली. टाकीला पडलेला पोचा बघितला. पट्ट्याला काठीनं उलटंपालटं केलं, मेलेल्या जनावराला करतात तसं.

"हे असं नेमी उडतं?"

"नेहमीच, साहेब. महिना झाला."

"आन तू रेल्वेचे डबे दुरुस्त करतू?"

"हो साहेब."

ते शिपायाकडं वळले. "परभणीला येष्टीनंच जायचं बरं का रं." मग दोघंही हसले, आणि मीही हसलो, तो आवाज माझा नव्हता. दारात पोचल्यावर ते थांबले. हसणं संपलं होतं. "निकाल लागंस्तर ह्या बटनाला हात लावायचा न्हाई. पुन्हा माझ्या कानावर आवाज आला तं मी मशीन बघायला येणार न्हाई." काय बघायला येईन ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तक्रार कुणी केली ते मला कळलं नाही. गार्डसाहेबांचा रेडिओ थोड्या वेळानं लागला. संक्रांतीला त्यांच्या घरून तिळगूळ आला, आमच्याकडूनही गेला. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि पुढं कित्येक वर्षं आम्ही त्याच भिंतीवरून एकमेकांची विचारपूस करत राहिलो.

दुपारी मावशी टोपलं घेऊन आल्या. विळे खाली, वर कडबा. प्रत्येक पात्यावर अंगठा फिरवून म्हणाल्या, "झकास केलंस बाबा. पुढल्या सालीबी आणते." रस्त्यानं त्या वळणापलीकडं जाईपर्यंत मी दारात उभा राहिलो. टोपलं डोक्यावर सरळ होतं. कुणी अडवलं नाही. ते दिसेनासं झालं तेव्हा मी दार लावलं.

बायको उंबऱ्यातच होती. आता तिचा पाय खरंच आखडला होता. मी तिच्याशेजारी बसलो आणि थोडी बढाई मारली. सांगितलं, की पट्टा आपोआप उतरला नाही, मी उतरवला. मुद्दाम. स्क्रू पिळून.

"ठावं हाय," ती पोटरी चोळत म्हणाली. "मी बघतच होते. मला भ्या त्या जमादाराचं न्हवतंच. तुमाला डावं-उजवं ध्यानात राहतंय का न्हाई, त्याचं होतं."